शेवटचा शब्द भाड्याने देणे आहे

एकदा एक शिष्य होता आणि तो पोटापाण्यासाठी जाहिराती लिहीत असे. शिष्याने काय करावे आणि काय करू नये याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून ठेवले आहे, पण जाहिराती लिहू नयेत असे त्यात कोठे आढळत नाही. तेव्हा त्याला दोष देण्याचे कारण नाही. आठवडाभर तो शहरात बसून साबणाला सौजन्य आणि बिस्किटाला चारित्र्य बहाल करी, आणि रविवारी घाटमाथ्यावरच्या एका मठीत जाऊन एका वृद्ध सत्पुरुषापाशी बसे. या वृद्धांना सारे अप्पा म्हणत. त्यांचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. शिष्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण नाव कळले की लोक गोष्ट सोडून माणसाच्या मागे लागतात.

अप्पांची शिकवण थोडकी होती. ते म्हणत, माणूस ठरवून जे बोलतो त्यावरून त्याची परीक्षा होत नाही. ठेच लागली, जांभई आली, झोपेतून दचकून जाग आली, म्हणजे विचार करायला सवडच नसते, त्या वेळी जो शब्द तोंडातून पडतो तो त्याचा खरा. शेवटच्या घटकेलाही तोच येतो. जन्मभराच्या मिळकतीतली तेवढी एकच वस्तू माणसाबरोबर जाते. अप्पांचा स्वतःचा शब्द सर्वांच्या परिचयाचा होता. जागेवरून उठताना गुडघे कुरकुरले की ते 'नारायणा' म्हणत आणि त्यातला शेवटचा 'णा' जरा लांबवत, अंगणापलीकडच्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसा.

शिष्याला ही शिकवण फार आवडली. पण जाहिरातवाल्याला एखादी गोष्ट फार आवडली की तिची धडगत नसते.

त्या सुमारास इंटरनेटवरच्या एका लिलावाच्या बाजारात एक खूळ निघाले होते. लोक जाहिरातीसाठी नाही नाही त्या जागा भाड्याने देऊ लागले होते. कुणी आपले कपाळ देई, कुणी टक्कल. एका वरपक्षाने मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांमधली जागा काढली होती. एका म्हशीच्या दोन्ही कुशी पंख्यांच्या दुकानाने घेतल्या असे म्हणत. म्हशीला काय मिळाले ते कळले नाही. या लिलावांत खरे गिऱ्हाईक विरळाच. टवाळखोरांचीच गर्दी अधिक. ते वाटेल तो आकडा बोलत, हसत आणि नाहीसे होत. सगळ्यांना ठाऊक होते की हे थट्टेचे काम आहे, म्हणून कुणाला काही वाटत नव्हते.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिष्याने तेथे आपली वस्तू मांडली. "शेवटचा शब्द भाड्याने देणे आहे. मरतेसमयी आपल्या मालाचे नाव स्पष्ट व शुद्ध उच्चारीन. वस्तू आजवर वापरलेली नाही."

जाहिरात उत्तम होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत बोल्यांचा पाऊस पडला. कुणी जन्मभर मिसळीचा कट देऊ केला, कुणी घरचे मांजर पिल्लांसकट. एकाने नऊच्या आकड्यापुढे इतकी शून्ये दिली की ती पडद्यावर मावेनात. कार्यालयातली मंडळी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून पोट धरून हसत होती. मग शेवटची बोली आली. लावणाऱ्याने आपले नाव 'खरजोल, नायटा व गजकर्णावरील मलम' असे दिले होते. आकड्याच्या जागी काही नव्हते. खाली लिहिले होते, "मान्य. घाई नाही. आम्ही थांबू."

त्यानंतर एकही बोली आली नाही. टवाळांची एवढी गर्दी, पण सारे एकदम गप्प झाले. लिलाव खरजोलच्या नावावर बंद झाला. पुढे बाजारवाल्यांनी कळवले की असे कोणी गिऱ्हाईकच सापडत नाही, सबब व्यवहार रद्द. शिष्याने गंमत म्हणून जुन्या औषधवाल्यांकडे चौकशी केली, तर या नावाचे मलम कधी आल्याचे त्यांनाही आठवेना.

त्या रविवारी त्याने हा किस्सा मठीत रंगवून सांगितला. बाकीचे हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग परत उचललास का?"

काय उचलायचे, हे शिष्याला कळेना. अप्पा म्हणाले, जे मांडले होते ते. शिष्य म्हणाला, व्यवहार तर आपोआप रद्द झाला, उचलायचे काय त्यात. अप्पा उठले. उठताना त्यांनी नेहमीप्रमाणे नारायणाला हाक मारली, आणि शिष्याला उगाचच वाटले की आज ती हाक जरा मोठ्याने मारली.

काही दिवसांनी शिष्य घराच्या पायरीला ठेचकाळला. अशा वेळी आपण सगळेच 'आई गं' म्हणतो. त्याच्या तोंडून निघाले, "खरजोल."

तो हसला. माणूस पहिल्यांदा हसतोच. मग एकदा जांभई आली, त्याने लहानपणच्या सवयीने चुटकी वाजवली आणि देवाच्या नावाच्या जागी खरजोल आले. मग शिंकेनंतर. मग सकाळी डोळे उघडताना. दिवसा शुद्धीवर असताना तो हवे ते बोलू शकत होता, गिऱ्हाइकांशी वाद घालत होता, जाहिराती लिहीत होता. पण जेथे जेथे शब्द आपण होऊन पडतो, तेथे तेथे तोच एक शब्द येऊन बसला होता. आणि उच्चार दर वेळी स्पष्ट व शुद्ध होता.

आता त्याला भीती वाटू लागली. तरी त्याने ती कुणाला दाखवली नाही. इतक्यात त्याची मावशी अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. आई लवकर गेल्यावर या मावशीनेच त्याला वाढवले होते. तिला मूल नव्हते. तो लहान असल्यापासून ती त्याला बजावून सांगे की बाकी काही करू नकोस, पण मी जाईन तेव्हा माझ्या कानात नाव तू घ्यायचंस. दुपारची वेळ होती, खिडकीतून चांगले ऊन आले होते. तिच्या ओठांवर तुळशीचे पाणी घातले गेले आणि सगळ्यांनी त्याला पुढे केले. तो मनात 'नारायण, नारायण' घोकत खाली वाकला. पण तिचा तो एवढासा झालेला चेहरा जवळून पाहिला आणि त्याला हुंदका आला. हुंदक्याला विचार करायला सवड नसते. तिच्या कानात तो म्हणाला, "खरजोल."

मावशीने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, त्याच्या खांद्यावरून मागे पाहिले.

"हे कोण रे, तुझ्या मागे उभे आहेत?" तिने विचारले.

शेजारच्या काकूंनी त्याला बाजूला सारून देवाचे नाव घेतले. मावशी गेली. पण तिचे डोळे दाराकडे लागलेले राहिले, ते मिटवावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो मठीत आला आणि अप्पांच्या पायांशी कोसळला. थट्टा करण्याची त्याच्यातली सारी उमेद संपली होती. मी मरेन तेव्हा माझ्या तोंडून हेच निघणार का, असे त्याने विचारले. अप्पा म्हणाले, हो. त्यांनी ते गोड करून सांगितले नाही. शिष्याने जप मागितला, उपास मागितला, तीर्थयात्रा मागितली.

"लिलावात गेलेलं जपानं परत येत नाही," अप्पा म्हणाले. "लिलावातच सोडवावं लागतं. उत्सवाला ये."

या मठीची एक रीत होती. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी पूजेतला नारळ, देवाचे वस्त्र आणि झाडाचे पहिले फळ यांचा सभामंडपात लिलाव होई आणि तो स्वतः अप्पा पुकारत. त्या छपराखाली कुठलीही बोली थट्टेची धरली जात नसे. मागे एकदा एक टवाळ हसत हसत एका नारळाला भलताच आकडा बोलून बसला होता. अप्पांनी 'तीनवार' म्हणून घंटा वाजवली. आकडा त्याने पुढे निमूटपणे फेडला. नारळ अजून त्याच्या देवघरात आहे, फोडायचा धीर झालेला नाही.

उत्सवाच्या दिवशी टळटळीत दुपारी मंडप भरला होता. नारळ गेला, वस्त्र गेले, फळ गेले. लोक उठू लागले तेव्हा अप्पांनी हात वर केला आणि शिष्याला आपल्याजवळच्या पाटावर उभे केले. ते म्हणाले, हा याचा शेवटचा शब्द आहे. एकदा मांडलेला आहे, मी पुन्हा मांडतो. ज्याला हवा त्याने बोलावे.

लोक हसले. पुढच्या रांगेतला कुणी सव्वा रुपया म्हणाला आणि अप्पांनी त्याच्याकडे पाहताच त्याचे हसू विरले. मग कोणीच बोलेना. गाभाऱ्यातल्या अभिषेकपात्रातून पिंडीवर थेंब पडत होते, तेवढे ऐकू येत होते.

मंडपाच्या दारापाशी एक लाकडी खांब आहे. आवाज तेथून आला. तो मोठा नव्हता, रागाचा नव्हता, दुकानात मापाने बोलणाऱ्या माणसाचा होता.

"जो आकडा होईल, त्याच्यावर एक."

पुढे बसलेल्यांना वाटले, मागे बसलेला कोणी बोलला. मागे बसलेल्यांना वाटले, पुढचा बोलला. खांबाशी कुणीही नव्हते. त्याला गुंडाळलेली झेंडूची माळ हलत देखील नव्हती. शिष्याला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला, कारण गेले कित्येक दिवस तो त्याच्याच तोंडून येत होता. या बोलीवर बोली चढवणे शक्यच नव्हते, हे जाहिरातवाल्याला क्षणात समजले. कोणी कितीही बोला, त्याच्यावर एक.

अप्पांनी खांबाकडे मान वळवली. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याशी बोलावे तसे ते बोलले.

"आकड्यावर आकडा चढतो, तेव्हा तुमचं बरोबर आहे. पण मी आकडा बोलत नाही. वस्तूला वस्तू लावतो. याचा शब्द मला, माझा याला."

त्यांनी घंटेकडे हात नेला.

"एकवार," अप्पा म्हणाले, आणि थांबले. "दोनवार." येथे ते इतका वेळ थांबले की लोकांना घाम फुटला. अभिषेकाचा थेंब पडता पडता राहिला, असे पुढच्या रांगेतले आजही सांगतात. "तीनवार." घंटा वाजली आणि थेंब पडला.

एक वयस्क विश्वस्त कुरकुरला की पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावू नये, तशी रीत नाही. अप्पा म्हणाले, खरे आहे, पुढच्या वर्षी पुकारायला दुसरा बघा.

मंडप रिकामा झाल्यावर शिष्याने विचारले, "अप्पा, ते गिऱ्हाईक तर खोटं होतं. तसं कुणी नाहीच, हे बाजारवाल्यांनी लिहून दिलंय. मग माझ्यावर हक्क सांगायला आलं कोण?"

"गिऱ्हाईक खोटं असेल," अप्पा म्हणाले. "पण फळीवर मांडलेली वस्तू खरी होती ना? थट्टेत माणूस विकत काही घेत नाही, विकतो मात्र. वस्तू एकदा मांडली की मालकाची पकड सुटते. मग न्यायला कोणी आलं नाही तरी ती घरची राहत नाही, उघड्यावर राहते. आणि उघड्यावर राहिलेल्या वस्तूपाशी कोणीतरी येऊन बसतंच. कोण, ते विचारू नये. मी ती उचलून घरात घेतली, एवढंच."

"मग तुमचं काय?"

"माझं मी बघीन," अप्पा म्हणाले आणि उठले. गुडघे कुरकुरले. पण या खेपेला उठताना त्यांनी हाक मारली नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

शिष्याच्या तोंडून तो शब्द पडणे थांबले. ठेच लागली तरी त्याच्या तोंडातून खरजोल निघेना. पण दुसरेही काही निघेना. तोंड उघडे आणि आत काही नाही, भाडेकरू गेलेल्या खोलीसारखे. तो दर रविवारी मठीत येई आणि पाही, की अप्पा आता उठताना, जांभई देताना, उन्हातून सावलीत येताना ओठ मिटून धरतात. त्याला ते समजत होते आणि समजून घ्यायचे नव्हते. मला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य या दोहोंच्या मधल्या जागेतच जाते.

मार्गशीर्षात अप्पा थकले. त्यांना सभामंडपात उन्हाच्या तिरिपेत निजवले होते. दूरदूरची माणसे आली. इतक्या मोठ्या पुरुषाचा अखेरचा शब्द कानावर पडावा म्हणून मंडप गच्च भरला होता. अनेकांनी फोन हातात धरले होते. विश्वस्तांनी संगमरवरी पाटी आधीच करून घेतली होती. तीवर 'अप्पांचे अखेरचे शब्द' एवढे कोरून खालची जागा मोकळी सोडली होती. एका देणगीदाराचे नावही तळाशी बारीक अक्षरांत होते.

भर दुपारी अप्पांनी डोळे उघडले. सर्वांवरून नजर फिरवून त्यांनी शिष्याला शोधले आणि ते हसले. नको, अप्पा, असे ओरडायला शिष्य पुढे सरकला.

"खरजोल," अप्पा म्हणाले.

उच्चार स्पष्ट व शुद्ध होता, जाहिरातीत कबूल केला होता तसा. त्यांचा श्वास थांबला. त्याच वेळी दारापाशी, खांबामागे, कोणीतरी बराच वेळ बसलेले उठावे आणि वहाणा घालून निघून जावे तसा आवाज झाला. वहाणा पायऱ्या उतरल्या आणि बंद झाल्या.

मंडपात कोणी कोणाकडे पाहीना. एक बाई हळूच म्हणाली, बिचाऱ्यांना कुठेतरी खाज सुटली असेल, मलम मागितलं. मग वयस्क विश्वस्त उभे राहिले. ते फोन धरलेल्या हातांकडे पाहत सावकाश म्हणाले की अप्पा 'नारायण' म्हणाले, आपण सर्वांनी ते ऐकले आहे, आणि ज्यांनी काही टिपले असेल त्यांनी ते पुसून टाकावे. लोकांना हायसे वाटले. माना हलू लागल्या. शिष्याने नुसते गप्प बसायचे होते. त्याची लाजही झाकली गेली असती आणि अप्पांचे नावही.

तो उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "अप्पा खरजोल म्हणाले. तो शब्द माझा होता."

आणि जाहिरातीपासून मावशीपर्यंत सारे त्याने त्या भरल्या मंडपात सांगितले, काही न लपवता, काही न रंगवता. जन्मात प्रथमच त्याने एखाद्या गोष्टीला सौजन्य किंवा चारित्र्य जोडले नाही. लोक ऐकत राहिले. काहींनी त्याला शिव्या दिल्या, त्या त्याने घेतल्या. पाटीवरची ती जागा अजून मोकळी आहे.

सांगून झाल्यावर तो अप्पांच्या पायांवर डोके टेकून दाराकडे निघाला. डोळे भरलेले होते, उंबरा दिसला नाही. ठेच चांगली जोराची बसली. त्याचे तोंड आपोआप उघडले, आणि काय येते म्हणून तो स्वतःच घाबरून थांबला.

"नारायणा."

आवाज त्याचा होता. पण शेवटचा 'णा' जरा लांबला, अंगणापलीकडच्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसा. मंडपातल्या सर्वांनी दचकून आत निजवलेल्या अप्पांकडे माना वळवल्या. त्याला वळून पाहावे लागले नाही. तो तेथेच उंबऱ्यावर बसला आणि रडला.